बरीच वर्षं बंद पडलेली बाईक पुन्हा सुरू करायची आहे? किक मारण्याआधी हे वाचा

गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी बाईक असतेच. आमच्याकडे मामांची २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर होती. मामा गेल्यावर सहा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण मामी काही देईना. शेवटी मीच ती सुरू करायला घेतली. कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक जुन्या फोर-स्ट्रोक बाईकना खालची माहिती लागू पडेल.

आधी मोबाईल काढा, पाना नंतर. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की आरसी, विमा आणि पीयूसी कधी संपलं ते दिसतं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. कागदच जमणार नसतील तर इंजिनवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट: थेट किक मारायची नाही. गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर खाली उतरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटू शकतात. जोर लावला तर भिंतीवर चरे पडतात आणि खर्च एकदम वाढतो. म्हणून स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावताच किक हाताने हळू दाबून बघा. हलली, तर अर्धी लढाई जिंकलीच. नाही हलली, तर टॉप गिअर टाकून गाडी हळूहळू मागे-पुढे ढकला. तरीही जाम असेल तर थेट मेकॅनिक गाठा.

मग टाकी. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो, त्याचा हलका भाग उडून जाऊन चिकट राळ उरलेली असते. ते सगळं काढून टाका (गटारात नाही हं!). आत मोबाईलच्या कॅमेऱ्याने नाही, साध्या बॅटरीच्या उजेडात बघा, तेही टाकी रिकामी करून हवा खेळती ठेवल्यावर. गंज असेल तर पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच थोडं पेट्रोल फिरवा, नाहीतर गंज परत धरतो. पेट्रोलची रबरी नळी नवीनच घाला.

तीच राळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. ते पितळेचं असल्यामुळे आत स्टीलची तार खुपसू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर स्प्रे आणि हवेचा दाब पुरतो. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो मात्र घ्याच. उरलेला एक स्क्रू कुठला होता, हे फोटोच सांगतो.

इंजिन ऑइल, प्लग आणि एअर फिल्टर बदला. फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटंही निघू शकतं. बॅटरी मेलेली असणारच, पण स्प्लेंडरचं इंजिन तिच्याशिवायही किकवर चालू होतं, त्यामुळे ती खरेदी शेवटी केली तरी चालेल.

इंजिन धडधडलं की लगेच रस्त्यावर निघायचा मोह होतो. थांबा. टायरवर चार आकडी कोड शोधा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं, पावसात पकड सुटते. दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेक शू आणि ब्रेक केबल नव्या टाका. मामींना मागे बसवण्याआधी मी एकट्याने अंगणातच वीस वेळा ब्रेक दाबून बघितले. पहिले काही दिवस गाडी घराच्या आसपासच फिरवा आणि रोज सकाळी खाली ऑइल किंवा पेट्रोल ठिबकलंय का ते बघा.