दफ्तर निझामाचे, भाषा आपली : मराठवाड्याची ओळख कशी घडली? (धागा)

२ मे १८४३. झाग्रेब येथील क्रोएशियाच्या विधिसभेत, म्हणजे 'साबोर'मध्ये, इव्हान कुकुल्येविच साक्त्सिन्स्की हा सदस्य उठला आणि चक्क क्रोएशियन भाषेत बोलू लागला. त्या सभेचे कामकाज शतकानुशतके लॅटिनमध्ये चालत आले होते. ११०२ पासून क्रोएशियाचा मुकुट हंगेरीच्या राजाकडे होता आणि १५२७ पासून हाब्सबर्ग घराण्याकडे. चार वर्षांनी, १८४७ मध्ये, साबोरने लोकभाषेला राजभाषेचा दर्जा दिला. फुटबॉलमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या या चिमुकल्या देशाची आधुनिक ओळख अशी भाषेच्या दारातून आत आली.

या धाग्याचा विषय मात्र मराठवाडा आहे. राज्यकर्ता एका भाषेचा आणि प्रजा दुसऱ्या भाषेची असेल, तर त्या प्रजेला 'आपण एक समाज आहोत' ही जाणीव येते कुठून? हा प्रश्न झाग्रेबइतकाच गंगाखेडचाही आहे.

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या (आज जिल्हा बुलढाणा) लढाईत पहिल्या निझामाने मुबारिझखानाचा पराभव केला. तेव्हापासून १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे, गोदावरीचा हा पट्टा आसफजाही सत्तेखाली राहिला. आपण ज्या नावाचा अभिमान बाळगतो ते 'मराठवाडा' हे नावही या संस्थानाच्या कारभारात रूढ झाले. तेलुगू मुलूख तो तेलंगण आणि मराठी मुलूख तो मराठवाडा, अशी ती सरकारी विभागणी होती. पुढे लोकांनी ते नाव आपलेसे केले.

क्रोएशियनांकडे परक्या राजाखालीही साबोर होती. आपल्याकडे तसे काहीच नव्हते. होती ती वारी, कीर्तन आणि संतांची गावे. आपेगाव, पैठण, नरसी आणि जनाबाईंचे गंगाखेड ही सारी गावे निझामाच्या हद्दीत होती, पण त्यांची वाट पंढरपूरला, म्हणजे इंग्रजी मुलखात जात होती. खिशात हाली शिक्का आणि ओठांवर अभंग, असे ते दुपेडी जगणे होते.

संस्थानाची राजभाषा आधी फारसी होती आणि १८८०च्या दशकापासून उर्दू झाली. प्रजेत मात्र जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे होते, साधारण चौथा हिस्सा मराठी बोलणारा होता आणि उर्दू मातृभाषा असलेले दहा-बारा टक्केच होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक विषय इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून शिकवले. हे मोठे काम होते, आणि ते निझामाचे म्हणून नाकारणे मला योग्य वाटत नाही. परंतु परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला ही 'देशी' भाषाही नव्यानेच शिकावी लागे.

आता एक प्रसंग, जो आपण मराठी लोक फारसा सांगत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी सभागृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. अलमपल्ली वेंकट रामराव तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी टाळ्या पिटून, गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. त्या गोंगाटात मराठी मंडळीही होती. त्याच रात्री संतापलेल्या तेलुगू प्रतिनिधींनी आंध्र जनसंघ स्थापन केला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. झाग्रेबमध्ये मातृभाषेतून बोलणारा इतिहासात नायक ठरला. हैदराबादेत तसे बोलणाऱ्याची हुर्यो उडवण्यात स्वतः दडपलेल्या भाषेचे लोक सामील होते.

मराठी मंडळींनी हाच मार्ग धरला तो १९३७ साली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला झाले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. उघड राजकारणाला जेथे जागा नव्हती, तेथे या भाषिक परिषदा हीच राजकारणाची शाळा ठरली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा या परिषदांत तयार झालेले कार्यकर्तेच तुरुंगात गेले. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. शिक्षक म्हणून ते हिप्परगा आणि अंबाजोगाईला राहिले, आणि राजकारण केले हैदराबादेत. तिन्ही भाषांच्या मुलखांत वावरलेल्या याच माणसाने मुक्तीनंतर संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह धरला. मला हे विलक्षण वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. विदर्भाबाबत वेगळ्या राज्याची शिफारस होती. मराठवाडा मात्र विनाअट आला, असे आपण अभिमानाने सांगतो.

पण 'आपण' म्हणजे कोण? १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या क्रोएशियात तेथील सर्बांच्या स्थानावरून युद्ध पेटले. आपल्याकडे २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि 'मराठवाड्याची अस्मिता' या शब्दांच्या आड परभणी-नांदेडकडील खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. बाबासाहेबांनी १९५० मध्येच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले होते. या प्रदेशाच्या उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक होते. तरीही नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' या नावात आता दोन्ही नावे शेजारी नांदतात.

निझामाचे दफ्तरही अजून मिटलेले नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी गेल्या काही वर्षांत तहसील कचेऱ्यांतून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर पुन्हा घरोघरच्या चर्चेत आणले. ज्या कागदांची भाषा आजोबांना परकी वाटे, त्याच कागदांत नातू आज आपल्या घराण्याचे नाव शोधतो आहे.