ब्रेक जाम होणे

ब्रेक जाम होणे म्हणजे मोटारीचा ब्रेक सोडल्यानंतरही त्याची चाकावरील पकड न सुटणे. दीर्घकाळ एकाच जागी उभ्या असलेल्या मोटारींत, विशेषतः हँडब्रेक ओढून ठेवलेला असल्यास, हा दोष आढळतो. पकड सुटून मोटार हलू लागली म्हणजे ब्रेक निर्दोष झाला असे नसते. सोडवताना लायनर उखडला गेल्यास त्या चाकाचा ब्रेक निकामी होऊ शकतो.

कारणे

ब्रेकची डिस्क व ड्रम सामान्यतः बीड लोखंडाचे असतात. दमट हवेत त्यांच्या पृष्ठभागावर लवकर गंज चढतो. डिस्कवरील पातळ गंज चालत्या गाडीत काही वेळा ब्रेक दाबल्यावर निघून जातो. मात्र पॅड किंवा लायनर ओल्या अवस्थेत दाबून राहिल्यास गंजामुळे ते धातूला चिकटतात. पावसाळ्यात आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात ही शक्यता अधिक असते. याशिवाय पुढील कारणे संभवतात :

- हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजणे
- कॅलिपरच्या सरकत्या पिनांवरील ग्रीस सुकणे
- कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकणे
- रबरी होज आतून फुगून ब्रेक ऑइलचा परतीचा मार्ग बंद होणे

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. त्यामुळे आतील भाग गंजतातच, शिवाय ऑइलचा उत्कलनबिंदूही घटतो. डॉट ४ प्रतीच्या ऑइलसाठी तो कोरड्या अवस्थेत किमान २३०° से., तर ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर किमान १५५° से. असावा लागतो.

लक्षणे

गिअर टाकून क्लच सोडू लागल्यावर मोटार पुढे न जाता जागीच दबते किंवा एखादे चाक न फिरता घासत जाते. ब्रेक अंशतः अडकला असल्यास गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक अधिक तापते आणि जळका वास येतो.

सोडवण्याच्या पद्धती

मोटार सपाट जागी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. चाक काढायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबत नाहीत. गाडीखाली भक्कम लोखंडी आधार देतात.

प्रथम हँडब्रेक अनेकदा ओढून सोडला जातो. त्यानंतर पहिला व रिव्हर्स गिअर आलटून पालटून टाकून गाडी हलक्या झोक्याने मागेपुढे केली जाते. ‘टक्’ असा आवाज होऊन पकड सुटते. अतिरेकी जोर लावल्यास क्लच जळतो किंवा लायनर शूपासून उखडतो.

एवढ्याने काम न झाल्यास चाक काढतात. ड्रमच्या कडेने लाकडी किंवा रबरी हातोडीने ठोके देतात व अ‍ॅडजस्टर सैल करतात. काही ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळल्यास ड्रम बाहेर ढकलला जातो. गंज सैल करणारे तेल फक्त हबच्या मध्याशी लावतात. लायनर किंवा पॅडवर तेल गेल्यास ते बदलावे लागतात.

डिस्क ब्रेकमध्ये ब्लीडर निपल उघडताच चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकला होता असे समजते आणि होज किंवा मास्टर सिलिंडर तपासला जातो. चाक तसेच राहिल्यास दोष पिस्टन, पिना किंवा हँडब्रेकच्या यंत्रणेत असतो.

धोके

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडवणे धोक्याचे असते. ज्योतीने तापवल्यास रबरी सील खराब होतात आणि ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते. दाबाखालील हवेने पिस्टन काढताना तो वेगाने बाहेर येऊन बोटे चिरडण्याचा संभव असतो.

नंतरची तपासणी

चाक हाताने मोकळे फिरते का, पेडल घट्ट लागते का आणि लायनर शूला पक्का चिकटलेला आहे का हे पाहिले जाते. त्यानंतर मोकळ्या जागी मंद वेगात ब्रेक तपासतात. पॅड किंवा शू बदलायचे झाल्यास ते एकाच आसावरील दोन्ही चाकांचे बदलले जातात.

प्रतिबंध

मोटार दीर्घकाळ उभी करायची असल्यास सपाट जागी हँडब्रेकऐवजी गिअर टाकून चाकांना ठोकळे लावले जातात. धुतल्यानंतर किंवा पावसातून आल्यावर हळू चालवत काही वेळा ब्रेक दाबून ते कोरडे केले जातात. अधूनमधून थोडे अंतर चालवणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ब्रेक ऑइल बदलणे हेही उपयुक्त ठरते.