कड्यावरचं शिवसुमन

पावसाळा सरताना शिवनेरीच्या कड्यावर तांबडी, चांदणीसारखी फुलं दिसतात. ते आपलं शिवसुमन. रानात ते फक्त महाराष्ट्रातच, तेही मोजक्या डोंगरांवर उगवतं. १८६० च्या दशकात जुन्नरजवळ डॅल्झेल या इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते सापडलं. त्यानं मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून नाव ठेवलं ‘फ्रेरिया इंडिका’. शेरडं पोचत नाहीत अशा कड्यांवर ते तगलं.

कुंडीत मात्र सहज जगतं. कांडी रोपवाटिकेतूनच घेऊ, गडावरून नाही. चीक सुकू देऊन वाळूमिश्रित मातीत लावू. उन्हाळ्यात पानं गळतात. मेलं समजून पाणी ओतलं तर कुजतं. कड्यानं इतकी वर्षं जपलं, आता आपणही जपू.