ध्वनिमुद्रिका-संग्रह

जुन्या तबकड्यांचा हेतुपूर्वक केलेला संचय व जतन. गौहर जान हिच्या गायनाच्या कलकत्ता येथील मुद्रणानंतर (१९०२) भारतात तबकड्यांचा प्रसार वाढत गेला. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे गवयांना रागाचे सार थोडक्यात मांडावे लागे.

दीर्घवादी तबकडी (१९४८) व कॉम्पॅक्ट डिस्क (१९८२) यांच्या आगमनानंतरही जुन्या तबकडीविषयीची ओढ टिकून राहिली. गतकालाविषयीची हुरहूर हे तिचे एकमेव कारण नव्हे. ध्वनितरंगांचा आकार खाचेतच कोरलेला असल्याने किल्लीच्या यंत्रावर विजेवाचूनही ती वाजते; सुई ठेवणे, बाजू उलटणे यांमुळे श्रवणही एकाग्र होते. शिवाय अनेक गायनांचा तबकडी हाच एकमेव पुरावा होय. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा स्वर मात्र तबकड्यांमुळे आजही ऐकता येतो.

लाख ठिसूळ असते आणि प्रत्येक वादनाने खाच झिजते. म्हणून तबकडीवरील प्रेमाला अंकीय प्रतीची जोड दिल्यासच तिच्यातील गायन टिकेल.