एक जागी, एक झोपलेली

चाकणला शिफ्ट सुटली की मशीन पुढच्याच्या हाती देऊन माणूस निवांत घरी जातो. भर समुद्रात घर कुठलं? आणि शिफ्ट करायला माणसं दोनच असतील तर..?

२ ऑक्टोबर २०२४ ला नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. 'तारिणी' ही त्यांची ५६ फुटी शिडाची बोट, तीही गोव्यातच बांधलेली. २००९-१० मध्ये आपले दिलीप दोंदे ही प्रदक्षिणा एकट्याने करून आले होते. एकट्याला रुसायलाही कोणी नसतं. इथे मात्र दोघी, आठ महिने!

वाटेत वादळं आली. वारा ५० नॉटपर्यंत, लाटा सात मीटरपर्यंत. ३० जानेवारी २०२५ ला त्यांनी प्रशांत महासागरातला पॉइंट निमो ओलांडला. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर! अशा जागी एकीने झोपायचं म्हणजे आपला जीव दुसरीच्या डोळ्यांवर सोपवायचा. मनात कितीही अढी असो, तिची पाळी चुकवून चालत नाही. मैत्रीची खरी परीक्षा मला वाटतं हीच.. गप्पा तर कोणाशीही जमतात.

२९ मे २०२५ ला दोघी गोव्यात परतल्या. तोवर दोघींची नावं जोडून एकच नाव झालं होतं.. 'दिलरू'!