काळ्या घोड्याशेजारचे दुकान

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात, मोडक्या हर्डल्सच्या आणि हवा गेलेल्या व्हॉलीबॉलच्या मागे, एक घडीची खाट पडून आहे. एका निवृत्त वनाधिकाऱ्याच्या कुटुंबाने बऱ्याच वर्षांपूर्वी ती महाविद्यालयाला दिली. सागवानी दांडे, पितळी बिजागऱ्या, आणि डोक्याकडच्या दांड्यावर ठोकलेली बोटभर रुंदीची पट्टी. पट्टीवर इंग्रजीत ‘आर्मी अँड नेव्ही’ एवढे वाचता येते. पुढचा मजकूर झिजलेला, आणि शेवटी ‘बॉम्बे’.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाने वसाहतकालीन शिकारकथा आणि प्रवासवर्णने शिकवताना या खाटेचा दाखला दिला आणि ओघात ठासून सांगितले, की मुंबईत असे दुकान कधी नव्हतेच. लंडनच्या पेढीचा माल इकडे उतरवणाऱ्या कोणा आडत्याने ही पट्टी ठोकली असणार. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे कशावरून?” वर्गात असा प्रश्न विचारला जावा म्हणून आपण वर्षभर धडपडत असतो, आणि विचारला गेला की घड्याळाकडे पाहतो. त्या दिवशीही तेच झाले. पण प्रश्न मनात राहिला. रानावनात हिंडणाऱ्यांसाठी तंबू, खाटा, बंदुका, गळ विकणारे दुकान मुंबईत खरोखर होते काय?

पहिला पुरावा हाती आला तो लंडनचा. या संस्थेची १९०७ सालची मालाची यादी १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये पुस्तकरूपाने पुन्हा छापली गेली. ते जाडजूड पुस्तक चाळताना एका संपूर्ण जीवनपद्धतीचे सामानच डोळ्यांसमोरून सरकत जाते. तंबू, घडीच्या खाटा, मासेमारीच्या काठ्या, बंदुका, आणि या सर्वांच्या बरोबरीने लोणची-मुरंबे नि औषधेही. परंतु यादी म्हणजे दुकान नव्हे. टपालाने मागवलेला माल कोठेही पोहोचतो. तेव्हा या पुस्तकाने आमच्या सहकाऱ्याची बाजू खोडली नाही, उलट थोडी बळकटच केली.

ती खोडली गेली संस्थेच्या इतिहासाने. लष्कर व नौदलातील काही अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला ‘आर्मी अँड नेव्ही कोऑपरेटिव्ह सोसायटी’ काढली. हेतू सरळ होता: घाऊक भावाने माल घ्यायचा आणि मधल्या व्यापाऱ्याचा नफा वाचवून तो सभासदांना द्यायचा. म्हणजे सहकारच. मात्र आमच्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात सहकाराचे हे रूप कोणाला ओळखूही येणार नाही. येथील भागधारक ऊस पिकवणारा, तेथील भागधारक पलटणीचा अधिकारी. या सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत आपले दुकान उघडले आणि १९०१ मध्ये कलकत्त्यात. तेव्हा दुकान होते. आडत्या नव्हता. हे आम्ही पुढच्याच तासाला वर्गात सांगितले. सांगताना फारसा आनंद झाला नाही, हेही येथे नमूद करतो.

मुंबईच का, याचे उत्तर अवघड नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेची आगबोट आधी मुंबईला लागू लागली. नवा साहेब येथे उतरायचा आणि आगगाडीने आपल्या जिल्ह्याकडे किंवा छावणीकडे निघायचा. त्याच्या पुढच्या आयुष्याचा बराच भाग तंबूत जाणार होता. हिवाळा सुरू झाला की कलेक्टर, मोजणीदार, जंगलखात्याचा अधिकारी असे सगळेच दौऱ्यावर निघत. कचेरीच हलती असे. झाडाखाली तंबू, तंबूत टेबल, टेबलावर गावचे दप्तर. म्हणून या दुकानातले सामान निव्वळ हौसेचे म्हणता येत नाही. ज्या घडीच्या खुर्चीला रुरकी या गावाचे नाव मिळाले, ती लष्करी इंजिनिअरांच्या छावणीतली. शिकार आणि सारावसुली या दोन्ही गोष्टी एकाच तंबूत नांदत होत्या.

मग आम्ही मुंबई गाठली. महात्मा गांधी मार्गावर, काळ्या घोड्यापाशी, एका बाजूला डेव्हिड ससून ग्रंथालय आणि दुसऱ्या बाजूला जुन्या वॉटसन हॉटेलची इमारत (याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली), या दोहोंच्या मध्ये ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ उभी आहे. ग्रंथालयात आम्ही दोघेही विद्यार्थिदशेत अनेकदा गेलो होतो. शेजारच्या इमारतीचे नाव विचारण्याची बुद्धी तेव्हा झाली नाही. स्वातंत्र्यानंतर सोसायटीची भारतातली दुकाने बंद झाली, आणि पुढे याच इमारतीच्या तळमजल्यावर तयार कपड्यांचे दालन आले. लंडनमध्येही मूळ नाव टिकले नाही. १९७३ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते दुकान घेतले आणि २००५ मध्ये त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. मुंबईत मात्र दुकान गेले आणि नाव राहिले. त्या चौकाला ही सवयच असावी. ज्या पुतळ्यावरून त्याचे नाव पडले तो घोडा आणि त्यावरचा राजपुत्र १९६५ मध्ये तेथून हलले. नाव हलले नाही, आणि २०१७ मध्ये त्या नावाची लाज राखण्यासाठी स्वाराविना नवा घोडा आणून उभा करावा लागला.

येथे शोध संपायला हवा होता. पण दुकान होते असे म्हणताना ते कोणासाठी होते हा प्रश्न टाळता येईना. सोसायटीतून खरेदी करायची तर सभासद असावे लागे, आणि लंडनमध्ये ही अट उठून सर्वांना दार उघडले ते १९१८ मध्ये. आमची खाट विकत घेणारा आणि बैलगाडीतून ती उतरवून मांडणारा हे एकाच दौऱ्यावरचे दोन मनुष्य. तंबू ठोकणाऱ्या खलाशाला, वेठीला धरलेल्या गाडीवानाला, रान उठवणाऱ्या हाकाऱ्याला ते सामान हातांनी ठाऊक होते. त्याचा दांडा कोठे अडकतो, दोर कोठे झिजतो, हे साहेबापेक्षा त्यांनाच अधिक कळत असणार. दुकानाच्या पायरीशी मात्र त्यांचा संबंध नव्हता.

दुकान आपले नव्हते म्हणून तंबूही आपला नव्हता, असे मात्र नाही. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता. डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे यांची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. शिकारखाना वेगळा, तालीमखाना वेगळा. मोहिमेवर निघालेल्या फौजेला हे सामान विकत घ्यावे लागत नसे, ते सरकारातून निघे. पुण्यात शनिवारवाड्याजवळ फरासखाना हे नाव आजही रोज हजारोंच्या तोंडी येते, पण ते पोलीस चौकीचे म्हणून. तेथेही सामान गेले आणि नाव राहिले.

आणि ज्यांना सरकारी कोठार नाही, सोसायटीचे सभासदत्व नाही, तरी हिंडायचे आहे, त्यांनी काय केले? गो. नी. दांडेकर उभी हयात गडकोट हिंडले ते अशा कोणत्याही दुकानाच्या भरवशावर नव्हे. मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे सह्याद्रीत जाणाऱ्या पोरांची सॅक कोपऱ्यावरचा शिंपी शिवत होता, पायांत कॅनव्हासचे हंटर बूट असत, आणि पाण्याची बाटली किंवा स्लीपिंग बॅग लष्कराच्या टाकाऊ मालाच्या दुकानातून शोधून आणावी लागे. आमची स्वतःची पहिली सॅक अशीच, खाकी, पट्टा एका बाजूला दोन बोटे आखूड. लष्कराचे नाव मिरवणारे पहिले दुकान अधिकाऱ्यांचे होते. आमच्या वाट्याला आले ते लष्कराने टाकून दिलेल्या मालाचे. ती सॅक घेऊन राजगड चढताना मात्र काही उणे वाटल्याचे आठवत नाही. खांदा दुखला एवढेच.

परतल्यावर आम्ही जिमखान्याची नोंदवही मागवली. खाटेपुढे लिहिले होते: ‘खाट, घडीची, जुनी, नग १.’ मूळ कापड केव्हाच विरले असून आता तीवर गावातल्याच कोणी विणलेली सुती नवार आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावून आम्ही त्याच्याच हाताने नोंदीच्या शेजारी पेन्सिलीने लिहवून घेतले: ‘आर्मी अँड नेव्ही, मुंबई. दुकान सुरू १८९१.’ त्याने खाली स्वतःहून आणखी एक ओळ घातली: ‘नवार अलीकडची.’