आबांचं इंजिन आणि कॉकवरची खूण

डिसेंबरात आमच्या शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा कधी बसेल ते कोणी सांगेना. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळी निसवायला आलेली. अशा वेळी ताण बसला तर घड बारीक पडतो, वर्षभराचा खर्च अंगावर येतो. गोठ्यामागे ताडपत्रीखाली आबांचं जुनं इंजिन होतं. "हाई आते भंगारमा देई टाक," असं बापू दोन वर्षांपासून सांगत होते. बरं झालं ऐकलं नाही.

हे इंजिन सहा हॉर्सपॉवरचं, लिस्टर नमुन्याचं, राजकोटला ओतलेलं. मूळ नमुना इंग्लंडातल्या डर्स्ली गावचा, १९३० च्या सुमाराचा. दोन जड चाकं, मिनिटाला साधारण ६५० फेरे, बस. आजची हलकी इंजिनं १५०० फिरतात. हळू चालणाऱ्याची झीज कमी, म्हणून ही धुडं पिढ्या काढतात. रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ चं, जर्मनीतलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या खान्देशात हे कळायला हवं होतं, नाही का! महाराष्ट्रात साताऱ्याला कूपर यांनी इंजिनं बनवली, पुढे १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. मोटेचे बैल हळूहळू सुटले.

आबांनी इंजिन घेतलं ते १९७२ च्या दुष्काळानंतर. विहिरींचं पाणी खोल गेलेलं. पंप वीस-पंचवीस फुटांपलीकडे पाणी ओढत नाही, म्हणून लोकांनी विहिरीतच ओटा बांधून इंजिन खाली उतरवलं. धुराचा पाइप नीट वर काढला नाही की विहिरीत गॅस कोंडायचा. त्यात माणसं गेली, काढायला उतरलेलीही गेली. आमचा ओटा अजून आहे, पण यंदा पाणी वर आहे, म्हणून इंजिन काठावरच मांडलं.

टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ निघाला. टाकी धुतली, फिल्टर बदलला, नोझल तपासून आणलं. मग पंपाजवळचा नट ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. हेड उतरवलं तर पाण्याच्या वाटा पांढऱ्या खपल्यांनी निम्म्या बुजलेल्या. आपल्या विहिरींचं पाणी जड, तेच इंजिन गार करायला जॅकेटमधून फिरतं, आणि तापलं की क्षार सोडतं. दोन दिवस खरवडत बसलो. कोकणातल्या शिडाच्या होड्यांना स्वातंत्र्यानंतर इंजिनं बसली, त्यांचंही दुखणं हेच. समुद्राचं पाणी थेट फिरवलं आणि ते फार तापलं की आत मीठ धरतं. डिझेलमध्ये पाणी, लाइनीत एअर, जॅकेटमध्ये खपली, होडी असो की विहीर.

वाल्व्ह उचलायची दांडी वर करून हँडल मारलं. तिसऱ्यांदा धरलं, डुग-डुग सुरू! आता गरम होऊ द्यायचं नाही म्हणून मी जॅकेटचा कॉक पूर्ण उघडला. चूक तिथेच झाली. तासाभरात पांढरा धूर, सायलेन्सरच्या तोंडाशी ओला काळा चिकटा, आणि आवाजही बिघडला. मला वाटलं रिंगा गेल्या. मिस्त्री आले, बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला आणि हसले. पाणी विहिरीसारखंच थंड. इतकं गार ठेवलं की डिझेल पूर्ण जळत नाही, कच्चं लायनरवरून खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, लायनर झिजतो. फार गरम झालं तर खपली. मिस्त्रींचं माप एकच: हाताला जेमतेम सोसेल इतकं पाणी निघालं पाहिजे.

त्यांनी ऑइल बदलायला लावलं आणि कॉक थोडा थोडा बंद करत नेला. हात जेमतेम टिकेल असं पाणी आलं तेव्हा थांबले. कॉकवरचा गंज कापडाने पुसला तर दांडीच्या टोकाशी, बरोबर त्याच जागी, कानशीने मारलेली एक बारीक खूण निघाली. ती आबांची. बापूंनी चष्मा लावून पाहिली, आणि त्या रात्री पाण्याच्या पाळीला ते स्वतः इंजिनजवळ बसले.